इंग्लंडमधल्या कालव्यांवरच्या जुन्या विटांच्या पुलांना कोपऱ्यावर खोल खाचा कशाने पडल्या?
दोराने. जुन्या विहिरीच्या कठड्याला पोहऱ्याच्या दोराने पडतात, तशाच. तेव्हा नावांना इंजिन नव्हतं. काठावरच्या वाटेने घोडा चालायचा आणि मालाने भरलेली नाव ओढायचा. कमानीखालून जाताना ताणलेला ओला दोर कोपऱ्याला घासायचा. त्यात चिखलवाळू अडकलेली, म्हणजे कानसच! वर्षानुवर्षं घासून बोट रुतेल इतक्या खाचा पडल्या. मग विटा वाचवायला तिथे लोखंडी पट्ट्या बसवल्या, आणि त्यांच्यावरही चरे उमटले. मला तर हे चरे कमानीपेक्षाही मोलाचे वाटतात, डागडुजीत बुजवू नयेत. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरची युक्तीही सुरेख: काही पूल मधोमध दुभंगलेले, त्या फटीतून दोर सरकवायचा. घोडा कमानीखालून न जाता पुलाच्या बाहेरून गेला, तरी त्याला दोरापासून सोडायलाच नको.