वाचकांचे प्रश्न : डब्या तीन, बेरीज एक

प्रश्न : माझ्या भावाला एफएसएचडी आहे, म्हणजे स्नायू झिजवणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजाराचा एक प्रकार. चेहरा, खांदे, दंड यांतली ताकद हळूहळू कमी होतेय. तो मनानेच तीन प्रकारच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घेतो. आजार थांबेल का? आणि व्यायामाने स्नायू जास्तच झिजतात का?

उत्तर : आजार थांबणार नाही. एफएसएचडीत डक्स-४ नावाचं जनुक, जे स्नायूत बंद असायला हवं, ते चालू होतं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा भार, त्याच्या मागोमाग येतो; अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा रोख त्यावरच असतो. गोळीने तो कमी झाला तरी जनुक चालूच राहतं. फ्रान्समध्ये अशा रुग्णांना १७ आठवडे क आणि ई जीवनसत्त्व, झिंक व सेलेनियम देऊन पाहिलं. २०१५ साली निष्कर्ष आले : दोन मिनिटांत चालून होणारं अंतर लक्षणीय वाढलं नाही, मांडीची ताकद मात्र थोडी सुधारली. म्हणजे अगदीच फोल नाही, पण तो मोजूनमापून, देखरेखीखाली दिलेला डोस होता.

तीन डब्यांचं तसं नसतं. तिन्ही लेबलं शेजारी ठेवा आणि प्रत्येक घटकाची बेरीज करा. अमेरिकेत प्रौढांसाठी ठरवलेली रोजची कमाल मर्यादा झिंकला ४० मिलिग्रॅम आणि सेलेनियमला ४०० मायक्रोग्रॅम आहे; युरोपात दोन्ही आकडे याहून कमी आहेत. मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमची गल्लत इथेच होते. झिंक महिनोन्‌महिने जास्त गेलं की आतड्यातून तांबं शोषलं जात नाही. मग पाय बधिर होतात, चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात, आजार बळावला! भावाच्या पायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना डब्या दाखवा आणि रक्तातलं तांबं तपासायचं का, ते विचारा.

व्यायाम बंद करू नये. बसून राहिलं की उरलेला स्नायूही जातो. सायकल किंवा चालणं, बोलता येईल इतपत दम लागेल असं, सुरुवातीला दहा मिनिटं. टाळायचं ते ताणत उतरवणं : वजन सावकाश खाली आणणं, उतारावर पळणं. त्यात स्नायू लांब होता होता भार पेलतो आणि जास्त फाटतो. दुखणं दोन दिवसांनंतरही राहिलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

खाण्यात प्रथिनं एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळा विभागून घ्यावीत. वजनकाट्यावर विसंबू नका. स्नायू घटून चरबी वाढली तरी काटा तोच आकडा दाखवतो, म्हणून महिन्यातून एकदा कंबर मोजा.

प्रश्न : मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. रक्ततपासणीत एएसटी, एएलटी ही यकृतासाठी बघतात ती एन्झाइम्स वाढलेत. लिव्हर टॉनिक घेऊ का?

उत्तर : थांबा. ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूतूनही रक्तात येतात. सीके (हे मुख्यतः स्नायूतून येतं) आणि जीजीटी (हे यकृतातून येतं, स्नायूतून नाही) तपासून घ्या. सीके चढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर बहुधा यकृताचा दोष नसतो. तपासणीसाठी रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम नको.