वाचकांचे प्रश्न : चित्रात टॉवर एवढासा का दिसतो?

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या चौपाटीजवळ राहतो. तळ्यापलीकडे पश्चिमेला पंधरा मजली इमारत होणार आहे म्हणतात. बिल्डरकडच्या चित्रात ती झाडांच्या जेमतेम वर डोकावते. हे चित्र खरं आहे का, ते आम्हाला तपासता येईल का?
– एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : येईल, आणि त्याला शाळेतली एक पट्टी पुरते.

आधी उंची पक्की करा. पंधरा मजले म्हणजे साधारण ४५ मीटर. पण कागदावरच्या उंचीत गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली बऱ्याचदा धरलेली नसते. डोळ्याला ती दिसतेच, तेव्हा ५० धरा. प्लॉट काठापेक्षा उंचावर असेल तर तो फरकही मिळवा. मग तुम्ही उभे राहता तिथून प्लॉटपर्यंतचं अंतर गूगल अर्थवर मोजा. समजा ते १,००० मीटर भरलं. आता पट्टी डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर उभी धरा. ५० भागिले १,००० गुणिले ६०, म्हणजे ३ सेंटिमीटर. पट्टीचे हे ३ सेंटिमीटर समोरचं जेवढं झाकतील, तेवढी ती इमारत दिसणार. त्याच पट्टीने काठावरची झाडं मोजून बघा. ‘जेमतेम वर’ किती खरं आहे ते तिथल्या तिथे कळेल.

चित्र खोटं नसूनही फसवू शकतं. मोबाईलची नेहमीची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या (जुन्या रोलच्या फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या) हिशेबात २४ ते २८ मिलिमीटरची, म्हणजे बरीच रुंद असते. तिच्यात समोरचं पाणी ऐसपैस पसरतं आणि लांबची इमारत आक्रसते. इमारतीमुळे दृश्य किती बदलेल याच्या मूल्यमापनात फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स वापरायची रीत आहे. तो फोटो आडवा साधारण ४० अंशांचा भाग पकडतो. ३९ सेंटिमीटर रुंद छापून ५४ सेंटिमीटरवरून पाहिला तर वस्तू प्रत्यक्षाएवढ्या दिसतात आणि आपला टॉवर त्यावर २७ मिलिमीटर भरतो. २५ मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या तेवढ्याच छापील फोटोत तो त्याच्या निम्मा! म्हणून चित्राखाली लेन्स, उभं राहायची जागा, डोळ्याची उंची (साधारण दीड मीटर), तारीख आणि वेळ मागा. ड्रोनवरून काढलेलं चित्र तर बाजूलाच ठेवा. हवेत उभं राहून कुणी रंकाळा बघत नाही.

तारीख का, तर ऑगस्टच्या धुरकट पावसात काढलेल्या फोटोत मागचं सगळंच पुसट असतं. स्वच्छ हवेचा, पाऊस संपल्यानंतरचा फोटो हवा. आणि वेळेचं म्हणाल तर तुमच्या बाबतीत संध्याकाळच महत्त्वाची. चौपाटीवर गर्दी तेव्हाच असते, आणि सूर्य टॉवरच्या मागे जातो. ‘फिकट आकाशी रंग देऊ’ हे आश्वासन तेव्हा निरुपयोगी, कारण उजेड पाठीमागून आला की कुठलाही रंग काळाच दिसतो. वारा पडलेला असेल तर खाली पाण्यात तोच काळा पट्टा उलटा उमटतो. तळ्याकाठच्या शालिनी पॅलेसच्या छपराच्या रेघेमागून टॉवर वर येतो का, हेही काठावरून चालत चालत चार-पाच जागांवरून पाहा. दहा पावलांत उत्तर बदलू शकतं.

बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली मंजुरी लागते. तिच्या फॉर्म १-ए मध्ये या बांधकामामुळे दृश्य किंवा निसर्गसौंदर्य अडतं का, असा थेट प्रश्न आहे. तिथे नुसतं ‘नाही’ लिहिलं असेल तर ते कशावरून, हे विचारा.

प्रश्न : समोर झाडं लावली तर टॉवर झाकेल ना?

उत्तर : कुठे लावता त्यावर आहे. टॉवरच्या पायथ्याशी ६ मीटरचं झाड त्याचे खालचे ६ मीटरच झाकतं. तेच झाड तुमच्यापासून ४० मीटरवर असेल तर १,००० मीटरवरचा शंभर मीटरचा टॉवरही झाकेल. पण मग रंकाळाही झाकला! शिवाय नर्सरीतलं रोप दीड-दोन मीटरचं येतं, चित्रात मात्र दहा वर्षांनंतरचा वृक्ष असतो. लावल्या वर्षीचं चित्रही मागा.

प्रश्न : पन्हाळ्याच्या पायथ्याकडे आमची शेतजमीन आहे, तिथे गोदाम बांधायचं आहे. रस्त्यावरून ते उसाआड जातं. तरी काही बघावं लागेल का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : ऊस म्हणजे भिंत नव्हे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, तोड झाली की तेच गोदाम उघडं पडतं; फोटो तोडीनंतरचे काढा. आणि तुमचा खरा प्रेक्षक रस्त्यावर नाही, गडावर आहे. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळे तटावरून काय दिसतं याला वजन आलंय. वरून भिंत दिसत नाही, पत्रा दिसतो. नवा चकचकीत किंवा निळा पत्रा उन्हात काही किलोमीटरवरून चमकतो. मातकट किंवा करड्या-हिरव्या रंगाचा, चमक नसलेला पत्रा घ्या. एक लांबलचक छप्पर करण्यापेक्षा दोन-तीन तुकडे करा आणि ते बांधांच्या दिशेने बसवा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, तेव्हा मोजणी आधी करून घ्या, पत्र्याचा रंग नंतर.