जुन्या टाटा १६१३ ट्रकला मागचे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) बनवून घ्यायचेत, काय बघू?

नुसतं "१६१३ चे पाटे द्या" म्हणू नका, एवढ्या जुन्या गाडीला आधीच कोणीतरी काहीतरी बदललेलं असतं. जुना पाटा खोला, सेंटर बोल्टपासून (पाट्याची सगळी पानं एकत्र धरणारा बोल्ट) पुढच्या आणि मागच्या टोकापर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजा (सारखं असेलच असं नाही), मग रुंदी, प्रत्येक पानाची जाडी, बुश (टोकाच्या भोकात बसणारी नळी). जाडीचा मोह नको, १२ एमएमच्या जागी १४ एमएमचं पान टाकलं की ते दीडपटीहून जास्त कडक होतं, मग रिकामी गाडी अशी उडते की चहा थेट मांडीवर. त्यापेक्षा हेल्परमध्ये (मुख्य पाट्याच्या जोडीचा जादा पाटा) एखादं पान वाढवा, ते लोड पडल्यावरच टेकतं. पण पाटे वाढवले म्हणून पासिंग (कागदोपत्री मंजूर वजन) वाढत नाही हां, एक्सल तोच आहे. दोन्ही साइड एकदमच करा, यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळून धरणारे) नवेच घ्या आणि चार-पाचशे किमीनंतर परत आवळून घ्या.