ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) मिनीव्हॅन कमी वेगात, विशेषतः वळताना, गचके देते. प्लग आणि कॉइल बदलूनही फरक पडला नाही. दोष कसा शोधावा?

आपण प्रश्नासोबत दिलेल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. गाडी थंड असताना त्रास जवळजवळ नसतो. हायवेवर बराच वेळ चालवल्यानंतर पार्किंगमध्ये वळवताना तो सर्वाधिक जाणवतो. आणि काही महिन्यांपूर्वी मागचे दोन टायर नवे घातले, पुढचे मात्र जुनेच राहिले. या गोष्टी एकत्र वाचल्यावर माझा पहिला संशय इंजिनावर जात नाही, तर पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगवर जातो. मात्र नुसत्या संशयावरून आणखी एक महागडा भाग बदलू नये. गचका ऍक्सिलरेटरच्या मागे येतो की स्टीअरिंगच्या मागे, हे आधी निश्चित करावे, कारण त्या एका उत्तरावर पुढच्या तपासाची दिशा ठरते.

त्यासाठी गाडी नेहमीसारखी गरम झाल्यावर मोकळ्या, सपाट आणि कोरड्या डांबरी जागेत न्यावी. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने गोल फिरावे आणि फिरता फिरता गीअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिनाचा चाकांशी संबंध तुटल्यावर गचके थांबले, तर दोष इंजिन किंवा गीअरबॉक्सकडे शोधावा. न्यूट्रलमध्येही गाडी कोणीतरी ब्रेक धरल्यासारखी अडत, टायर घासत आणि उसळत थांबली, तर इंजिन निर्दोष आहे असे समजण्यास हरकत नाही. हीच फेरी नंतर खडीवर किंवा मातीवर मारून पाहावी. तिथे टायरांना घसरायला वाव मिळतो, त्यामुळे अडकलेल्या ड्राइव्हलाइनचे (इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचे) गचके जवळजवळ नाहीसे होतात. इंजिनाच्या मिसफायरला (सिलिंडरमधले इंधन नीट न पेटण्याला) मात्र जमीन कोणती आहे याने काही फरक पडत नाही.

वळताना असे का होते, हे आकड्यांत पाहिले की नीट कळते. समजा पुढच्या आणि मागच्या ऍक्सलमधील अंतर 3 मीटर आहे आणि पूर्ण वळवलेल्या स्टीअरिंगवर मागच्या ऍक्सलचा मध्य 4 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे. मग काटकोन त्रिकोणाच्या नियमाने पुढच्या ऍक्सलचा मध्य 5 मीटर त्रिज्येवर फिरतो. म्हणजे मागची चाके 4 मीटर जातात तेवढ्यात पुढच्यांना 5 मीटर जावे लागते. हा फरक मधल्या कपलिंगने सरकून सामावून घ्यायचा असतो. ते सरकले नाही, तर प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या आणि मागच्या ऍक्सलमधला फिरता दांडा) पिळला जातो, टायर शेवटी जमिनीवरून घसरतो, साठलेला पीळ सुटतो आणि लगेच पुन्हा भरू लागतो. आपल्याला जाणवणारा गचका हाच असतो. त्यावर नजर ठेवणारा सेन्सर अनेक गाड्यांत नसतोच, म्हणून स्कॅनरमध्ये बिघाडाचा कोड दिसत नाही आणि वर्कशॉपमध्ये सवयीने प्लग आणि कॉइल बदलले जातात.

आता टायरांकडे वळतो, कारण आपल्या बाबतीत मूळ तिथे असण्याची शक्यता मला बरीच वाटते. मागच्या नव्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर खोल आणि पुढच्याची 4 मिलिमीटर उरली असेल, तर त्रिज्येत 4 आणि परिघात सुमारे 25 मिलिमीटरचा फरक पडतो. परिघ साधारण 2.1 मीटर धरला, तर पुढचे चाक दर किलोमीटरला मागच्यापेक्षा स्थूलमानाने 6 फेरे जास्त मारते, तेही सरळ रस्त्यावर आणि अखंड. वळणावरचा फरक मोठा असला तरी काही सेकंदांचा असतो. टायरांमुळे पडणारा फरक लहान आहे, पण तो कपलिंगला विसावाच मिळू देत नाही. दोन टायर बदलताना नवे मागे घालणे स्थिरतेच्या दृष्टीने योग्यच असते. परंतु ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावे लागतात, आणि ही अट टायरवाले सांगतीलच असे नाही. चारही टायरांची नक्षी मोजावी, हवा एकसारखी करावी आणि मॅन्युअलमध्ये किती फरक चालतो ते पाहावे.

व्हिस्कस कपलिंग असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ 1990च्या दशकातील क्रायस्लरच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह मिनीव्हॅनमध्ये, बंद डब्यात छिद्रे किंवा खाचा असलेल्या पातळ चकत्या आणि दाट सिलिकॉन द्रव असतो. वेगातील फरक जितका अधिक, तितका द्रव अधिक घुसळला जाऊन तापतो. फार तापला की तो प्रसरण पावून डब्यातील दाब वाढतो, चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि कपलिंग जवळजवळ घट्ट होते. हायवेनंतरच त्रास होण्याचा अर्थ मी असा लावतो. म्हणून गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवून सकाळी थंड तपासण्यात अर्थ नाही. गरम गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेकने मागची चाके धरावीत, जमिनीवरच्या चाकांना अडण्या लावाव्यात आणि पुढचे एक चाक जॅकने उचलून भक्कम स्टँडवर गाडी टेकवावी. उचललेले चाक लांब पान्याने फिरवताना ते जड पण सावकाश आणि एकसारखे फिरले, तर कपलिंग शाबूत आहे. अजिबात हलले नाही, तर कपलिंग जाम झाले आहे. किती जोर योग्य, याचा आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

नंतरच्या अनेक गाड्यांत विद्युतचुंबकाने दाबला जाणारा क्लच असतो. तिथे मॅन्युअलमध्ये दाखवलेला फ्यूज किंवा कनेक्टर काढून तीच गोल फेरी मारावी. बहुतेक रचनांत वीज तुटली की क्लच सैल होतो. तरीही गाडी अडत असेल तर दोष यांत्रिक आहे. सुरळीत फिरली तर कपलिंगचे तेल, वायरिंग आणि नियंत्रण तपासावे. जुन्या तेलामुळे क्लच गचकत असेल, तर योग्य ग्रेडचे नवे तेल हा स्वस्त आणि पहिला उपाय आहे. प्रॉपेलर शाफ्ट काढून गाडी चालवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या ऍक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गीअरची जोडणी) असलेल्या गाडीत तसे केल्यास गाडी जागची हलणारही नाही किंवा डिफरन्शियल खराब होईल, आणि काही गाड्यांत गीअरबॉक्सचे तेल बाहेर येईल. मॅन्युअलने मुभा दिली असेल तरच तो मार्ग घ्यावा. 2021 पासूनच्या टोयोटा सिएनामध्ये मागच्या चाकांना वेगळी विद्युत मोटर असते आणि शाफ्टच नसतो, म्हणून तिला हे विवेचन लागू होत नाही.

गचके ऍक्सिलरेटरच्या मागे येत असतील तर यादी वेगळी. पेडलच्या एका ठराविक जागीच येणारा गचका थ्रॉटल पोझिशन सेन्सरकडे (इंजिनाची हवेची झडप किती उघडली हे सांगणाऱ्या सेन्सरकडे) बोट दाखवतो. इंजिनात शिरणारी चोरटी हवा, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि मळलेला एअर-फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) हे नेहमीचे संशयित आहेत. थांबताना क्लच न दाबलेल्या गाडीसारखी आचके देऊन इंजिन बंद पडत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गीअरबॉक्सला जोडणाऱ्या द्रवाच्या कपलिंगचा) लॉक सुटत नसावा. थांबण्याच्या अगदी आधी ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरत असेल, तर चाकासोबत फिरणाऱ्या, वेग मोजण्याच्या गंजलेल्या रिंगमुळे चाकाचा सेन्सर चुकीचा वेग सांगत आहे आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) विनाकारण चालू होत आहे. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी पाहिले की एक आकडा मध्येच शून्यावर पडलेला दिसतो.

कपलिंग खराब निघाले तरी आधी टायर सारखे करावेत, नाहीतर नवे कपलिंगही त्याच मार्गाने जाईल. टायर सारखे केल्यावर काही दिवस चालवून पाहावे; कपलिंग अजून पूर्ण बिघडलेले नसेल तर एवढ्यावरच त्रास थांबू शकतो. तोपर्यंत कोरड्या रस्त्यावर पूर्ण स्टीअरिंग वळवणे टाळावे, आणि गाडी ओढून नेण्याची वेळ आलीच तर चारही चाके जमिनीवरून उचलूनच न्यावी.