सहा लाखांतल्या बाकीच्या हदीस कुठे गेल्या?

प्रश्न : इमाम बुखारी यांनी सहा लाख हदीस तपासल्या आणि त्यांतल्या जेमतेम सात हजार ग्रंथात घेतल्या, असं वाचलं. मग उरलेल्या सगळ्या खोट्या होत्या का? शिवाय प्रेषित मुहंमद यांच्यानंतर दोनशे वर्षांनी गोळा केलेल्या गोष्टींवर भरवसा कसा ठेवायचा? – एक वाचक

उत्तर : त्या सगळ्या खोट्या होत्या असं मुळीच नाही. हा गैरसमज मला फार खटकतो, कारण त्यामुळे या विद्वानांचं खरं काम झाकलं जातं. हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचनाचा किंवा कृतीचा एक मजकूर आणि तो कोणी कोणाकडून ऐकला याची नावांची साखळी, म्हणजे इस्नाद. एकच वचन दहा वाटांनी आलं, तर जुने अभ्यासक त्या दहा हदीस मोजत.

बुखारींच्या ग्रंथातली, म्हणजे सहीह बुखारीतली पहिलीच हदीस पाहा : कर्माचं मोल हेतूवर ठरतं. बुखारींनी ती हुमैदींकडून ऐकली. हुमैदींना ती सुफयान इब्न उययना यांनी सांगितली, त्यांना यह्या इब्न सईद अन्सारींनी, त्यांना मुहंमद इब्न इब्राहीम तैमींनी, त्यांना अल्कमा इब्न वक्कास यांनी. अल्कमांनी ती खलिफा उमर यांच्या तोंडून, मिंबरावरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून) बोलताना ऐकली आणि उमर यांनी स्वतः प्रेषितांकडून. मधे फक्त सहा माणसं आहेत. यह्यांपर्यंत ही वाट एकेरी आहे. त्यांच्यापासून पुढे मात्र तिला कितीतरी फाटे फुटले. त्यांतला प्रत्येक फाटा वेगळा मोजला जातो. बुखारींनी हीच हदीस आपल्या ग्रंथात विषयानुसार सात ठिकाणी दिली आहे. अशी पुनरावृत्ती वगळली, तर सात हजारांच्या सुमारे २,६००च उरतात. ग्रंथ फार लांबू नये म्हणून अनेक विश्वसनीय हदीस आपण सोडल्या, असंही त्यांनी सांगितल्याची नोंद आहे.

आता दोनशे वर्षांचं. लेखन बुखारींपासून सुरू झालं नाही. प्रेषितांचे सहकारी अबू हुरैरा यांचे शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह यांची छोटी वही आजही उपलब्ध आहे. तिची हस्तलिखितं दमास्कस आणि बर्लिनमध्ये सापडली आणि मूळचे हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्लाह यांनी ती संपादित केली. मदिनेत इमाम मालिक यांचा 'मुवत्ता' हा संग्रह तयार झाला. मालिक वारले ७९५ मध्ये, बुखारी जन्मले ८१० मध्ये. बगदादच्या अहमद इब्न हंबल यांची 'मुसनद' तर सत्तावीस हजार हदीसांच्या घरात जाते. थोडक्यात, साहित्य भरपूर होतं आणि त्यात खोटंही मिसळलेलं होतं. कमतरता होती ती कडक चाळणीची.

त्या चाळणीचे नियम मला अतिशय विलक्षण वाटतात. सांगणारा प्रामाणिक होता का, हा त्यातला एक प्रश्न झाला. त्याची स्मरणशक्ती म्हातारपणी ढासळली होती का? ढासळली असेल, तर अमुक शिष्याने त्याआधी ऐकलं की नंतर? दोघांची भेट खरोखर झाली होती का? या शेवटच्या प्रश्नावर बुखारी भेटीचा पुरावा मागत. त्यांचे शिष्य, निशापूरचे इमाम मुस्लिम (मृत्यू ८७५) यांना दोघे समकालीन असणं आणि भेट शक्य असणं पुरेसं वाटे. आपल्या 'सहीह' या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी यावर चांगलाच आवेशाने वाद घातला आहे. मांडणीत मात्र मला इमाम मुस्लिमच बुखारींपेक्षा उजवे वाटतात. एका हदीसच्या सगळ्या वाटा ते एका जागी ठेवतात. शब्द कुठे बदलला, गुरूंनी स्वतः सांगितलं की शिष्याने गुरूंसमोर वाचून दाखवलं, हेही नोंदवतात.

म्हणजे प्रश्न मिटला का? इतिहासकारांपुरता नाही. जोसेफ शाख्त यांनी १९५० मध्ये मांडलं की अनेक साखळ्या नंतर मागे मागे, थेट प्रेषितांपर्यंत वाढवल्या गेल्या. पुढे हाराल्ड मोत्स्की यांनी बुखारींच्या आधीच्या पिढीतले संकलक अब्दुर्रज्जाक यांच्या 'मुसन्नफ' या संग्रहाचा बारीक अभ्यास करून, शाख्त यांनी मानलं त्यापेक्षा बरंच जुनं साहित्य त्यात टिकून असल्याचं दाखवलं. तुम्हाला भरवशाचाच प्रश्न पडला आहे, तर आधी इमाम मुस्लिम यांची प्रस्तावना वाचा. शंका कशी घ्यायची, हे ते स्वतःच शिकवतात.