१९०५ च्या आसपासची जर्मन लष्करी बँडची रॅगटाइम (जुनं अमेरिकन लयदार संगीत) तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांवर चढी वाजते. वेग किती ठेवावा?

७३ ते ७५ फेऱ्यांपासून सुरुवात करा आणि नेमका वेग सुरावरून ठरवा, कारण त्या काळात ७८ हे प्रमाण ठरलेलं नव्हतं. वेग ६ टक्के बदलला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो: ७८ वर बी मेजर लागत असेल तर ७३.५ वर बी फ्लॅट मिळतो. बँडची क्लॅरिनेट-कॉर्नेट बी फ्लॅटची, त्यामुळे बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट अशा पट्ट्या स्वाभाविक. पाच शार्पचा (पाच स्वर अर्ध्या स्वराने चढे असलेला) बी मेजर ते सहसा घेत नसत. ट्रिओ (रचनेचा नंतरचा, वेगळ्या सुरावटीचा भाग) बहुधा चौथ्या स्वराच्या पट्टीत जातो, तोही तपासा. फक्त लयीवर विसंबू नका. हे बँड सिंकोपेशनसुद्धा (ठेक्याच्या अधल्यामधल्या मात्रेवर जोर देणं) मार्चसारखं ताठ वाजवतात, म्हणून योग्य वेगातही ते घाईचं वाटू शकतं. सुई सुमारे ७५ मायक्रॉनची हवी. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला घासून नुसती खरखर देते.

एक मर्यादा: १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेत ए ४३५ (ए या स्वराची सेकंदाला ४३५ कंपनं) हे प्रमाण ठरलं, पण लष्करी बँड अनेकदा त्याहून चढे लावलेले असत. त्यामुळे काही फेऱ्यांचा फरक उरतोच.