पावतीवरचे नाव खरे, खाते भलत्याचेच

आपला प्रश्न असा आहे : दापोलीजवळच्या आपल्या घरी कर्करुग्णांना मदत करणाऱ्या एका नामांकित संस्थेचे पावतीपुस्तक घेऊन दोन तरुण आले, आईने शेजारच्या मुलाकडून त्यांचा क्यूआर कोड स्कॅन करवून अकराशे रुपये दिले; आता पावतीवरील नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर सापडला, तर निश्चिंत व्हावे का? माझ्या मते होऊ नये. चिपळूण परिसरातील एका लहान न्यासाचा खजिनदार म्हणून बरीच वर्षे पावत्या फाडल्यावर मी एवढे सांगू शकतो की, संस्था खरी आहे का, हा प्रश्न अशा वेळी फारसा कामाचा नसतो. भामटे संस्था खरीच निवडतात. कधी न ऐकलेल्या नावाला कोण अकराशे रुपये देईल? नोंदणी क्रमांक तर आम्ही मंडळी स्वतःच प्रत्येक पावतीवर आणि फलकावर छापतो, त्यामुळे तो उतरवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. शोधायचे ते इतकेच, की पैसा त्या संस्थेच्या खात्यात गेला का.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, त्यानंतर काही दिवसांनी डोंबिवलीहून एका गृहस्थांचा फोन आला की, पाच हजार रुपये पाठवले, पण पावती मिळाली नाही. बँकेचे उतारे पाहिले, रक्कम कुठेच नव्हती. त्यांच्याकडून वाडीच्या व्हॉट्सॲप गटात आलेले मदतीचे आवाहन मागवून घेतले, तर त्यात नाव आमचे, क्रमांक आमचा, भिंतीवरची चिखलाची रेघ आणि भिजलेली दप्तरे दाखवणारे छायाचित्रही मीच काढलेले. फक्त कोपऱ्यातला क्यूआर कोड बदललेला होता, आणि नीट पाहिले तर त्याच्या कडा बाकीच्या चित्रापेक्षा किंचित धूसर होत्या. पैसे पाठवताना त्यांना पडद्यावर एका अनोळखी व्यक्तीचे नाव दिसलेही होते, पण ‘कोणी कार्यकर्ता असेल’ असे त्यांना वाटले. सगळी फसवणूक त्या एका समजुतीवर उभी होती. (सुटे चित्र पसरवून ती सोय आम्हीच करून दिली होती, हेही मान्य करतो.)

२०२० मध्ये पीएम केअर्स निधीच्या बाबतीतही असेच घडले होते : खऱ्या यूपीआय आयडीतील शेवटचा ‘एस’ गाळून तयार केलेला बनावट आयडी फिरत होता. म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव वाचावे. तिथे संस्थेऐवजी व्यक्तीचे नाव असेल, तर समोरचा कितीही कळवळून बोलत असला तरी थांबावे. पावतीवरचा पॅन क्रमांकही पाहण्यासारखा असतो. त्यातले चौथे अक्षर न्यासासाठी ‘टी’ असते, कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थेसाठी ‘सी’, तर व्यक्तीसाठी ‘पी’. ‘पी’ आढळल्यास पुढे बोलण्याची गरज नाही. मात्र पॅनही उतरवता येतो, त्यामुळे तो जुळला म्हणून भागत नाही. पावतीवरील दूरध्वनी क्रमांकावर फोन करून खात्री करणे म्हणजे तर चोरालाच साक्षीला बोलावणे. संस्थेचा क्रमांक जुन्या पावतीवरून किंवा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. आणखी एक खूण म्हणजे पाच-दहा हजार रोख मागून वर ‘८०जी मिळेल’ असे सांगणारा माणूस. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर ती करसवलत मिळतच नाही, आणि हे खऱ्या संस्थेच्या माणसाला ठाऊक असते.

आता आपल्या अकराशे रुपयांविषयी. शेजारच्या मुलाच्या मोबाइलमध्ये त्या व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक आणि पैसे घेणाऱ्याचे नाव दोन्ही असेल. तिथे संस्थेचे नाव नसेल, तर आजच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्या बँकेलाही कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. एवढ्याशा रकमेसाठी कशाला, असे आई म्हणतील. पण त्याच खात्याविरुद्ध आणखी चार गावांतून तक्रारी आलेल्या असतील, तर आपल्या तक्रारीने त्यांना जोड मिळते. पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज द्यावा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करावा, कारण दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. त्या संस्थेलाही पावतीचे छायाचित्र पाठवावे. पुस्तक बनावट आहे की त्यांचेच चोरीला गेलेले, हे अनुक्रमांकावरून तेच सांगू शकतील.

मूळ पावती मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी. आमच्याकडे पावतीच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहायची पद्धत आहे, म्हणून आईंना हे आजच सांगावे.